खेड्यांतील तीन शाळा

शंभर-दीडशें उंबऱ्यांच्या गांवांत प्राथमिक शिक्षणाची गोष्ट निघाली, म्हणजे ती आज बहुधा एकाच शाळेपुरती असते. परंतु गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर दख्खनच्या लहान खेड्यांत तीन निरनिराळ्या शाळा नांदून गेल्याचें दिसतें. पहिली पंतोजींची शाळा. दुसरी सरकारनें काढलेली व पुढें लोकल फंडाच्या पैशावर चालणारी शाळा. आणि तिसरी गांवकुसाबाहेरच्या मुलांची शाळा, जी पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्या शाळेच्या ओसरीपलीकडे कधीं गेलीच नाहीं. या शाळा कोठें एकामागून एक आल्या, तर कोठें एकाच वेळीं शेजारीं शेजारीं चालल्या. त्यांची तुलना करतांना एकीची बाजू घेऊन दुसरीला नांवें ठेवण्याची चाल जुनी आहे. कोणी पंतोजींच्या छडीची थट्टा करतो, तर कोणी सरकारी शाळेनें जुनी विद्या बुडविली म्हणून हळहळतो. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. पण शाळेची परीक्षा कोणत्या मापानें घ्यावयाची, हा मूळचा प्रश्न त्यांत बाजूलाच राहतो.

प्रथम पंतोजींची शाळा पाहूं. तिला स्वतःची इमारत क्वचितच असे. देवळाचा सभामंडप, धर्मशाळा, एखाद्या वाड्याची ओसरी किंवा खुद्द पंतोजींचें घर, अशा ठिकाणीं ती भरे. छापील पुस्तक तेथें नव्हतें. धुळपाटीवर अक्षर गिरवावें. हात बसला म्हणजे बोरूनें कागदावर मोडीचा कित्ता उतरावा. पाढ्यांपाठोपाठ पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी मोठ्यानें घोकावी. आणि शेवटीं पत्र, पावती, कर्जरोखा वाचतां-लिहितां यावा, एवढा अभ्यास. वरच्या मुलांनीं खालच्यांना शिकवावें अशी रीत असल्यामुळें एका पंतोजीला वीस-पंचवीस मुलें संभाळतां येत. ही रीत हलक्या प्रतीची समजण्याचें कारण नाहीं. अँड्र्यू बेल या पाद्र्यानें मद्रासेस असतांना धुळींत अक्षरें काढणारीं मुलें पाहिलीं, मुलांकडून मुलांना शिकविण्याची पद्धत तेथील अनाथ मुलांच्या शाळेंत चालविली, आणि १७९७ सालीं लंडनला तिची हकीकत छापली. पुढें इंग्लंडांतील गरिबांच्या हजारों मुलांना या पद्धतीनें अक्षरओळख झाली.

पंतोजींचा निर्वाह मुलांच्या आईबापांवर असे. कोणी महिन्याकांठीं कांहीं आणे देई, कोणी धान्य देई, सणावारीं शिधा मिळे. आईबापांचा संतोष हाच त्याचा पगार होता. मुलाला पेरणीच्या दिवसांत शेतावर न्यावयाचें झालें तर पंतोजी अडवीत नसे, आणि बाजारांत ज्या हिशेबाची गरज पडे तोच हिशेब तो शिकवी. या अर्थानें ती शाळा गांवाच्या गरजेला चिकटलेली होती.

अशा शाळा होत्या तरी किती? मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे एक सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं असें लिहून ठेवलें कीं, या मुलखांत लहान-मोठें असें क्वचितच एखादें गांव असेल, जेथें निदान एक तरी शाळा नाहीं. परंतु आठ वर्षांनीं, १८२९ सालीं, सरकारी मोजणींत सबंध मुंबई इलाख्यांत १,७०५ शाळा व सुमारें ३५,००० विद्यार्थी भरले. त्या वेळीं इलाख्याची वस्ती सत्तेचाळीस लाखांच्या आसपास धरलेली होती. म्हणजे सुमारें पावणेतीन हजार माणसांमागें एक शाळा, आणि शाळेमागें सरासरीनें वीस-एकवीस मुलें. पुढें १९३१ सालीं महात्मा गांधींनीं लंडनमध्यें, हिंदुस्थान पन्नास-शंभर वर्षांपूर्वीं होता त्याहून आज अधिक निरक्षर आहे, असें विधान केलें. सर फिलिप हार्टॉग यांनीं त्याला पुरावा मागितला आणि मोठा वाद माजला. या वादांत रा. वि. परुळेकर यांनीं मुंबई इलाख्याचे जुने कागद तपासून, त्या काळची सरकारी मोजणी अपुरी होती असें प्रतिपादन केलें. तें मान्य केलें व शाळांचा आंकडा दुप्पट धरला, तरीही एक गोष्ट बदलत नाहीं. त्या शाळांत ब्राह्मण, प्रभु, वाणी, सोनार, शिंपी यांचीं मुलें असत. पाटलाचा किंवा सुखवस्तु कुणब्याचा मुलगा अधूनमधून असे. मुलींना स्थान नव्हतें. आणि महार-मांगांच्या मुलाला तर पंतोजींच्या ओसरीची पायरीही चढतां येत नव्हती. शाळा गांवाची होती, पण सबंध गांव तींत कधींच बसलें नव्हतें.

दुसरी शाळा सरकारच्या पुढाकारानें आली. एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत, १८२२ सालीं, मुंबईस शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मराठींत गणिताचीं पुस्तकें झालीं, शिक्षक तयार करण्यांत आले, आणि १८२६ पासून त्यांतील कांहीं दख्खन, कोंकण व गुजराथेंत शाळा उघडण्यास गेले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसपनीतिकथा' हीं पुस्तकें याच सुमारास निघालीं. १८५५ सालीं निराळें विद्याखातें स्थापन झालें, तेव्हां या कामाला नियमितपणा आला. तथापि खेडेगांवच्या दृष्टीनें खरा फरक १८६३ सालीं पडला. त्या वर्षापासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी बसविण्यांत आली, आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे लावण्याचें ठरलें. हा लोकल फंड होय. तेव्हांपासून खेड्यांतील शाळेचा खर्च खेड्यांतील शेतकरी, मुलगा शाळेंत असो वा नसो, भरूं लागला.

या नव्या शाळेची जुनीशीं तुलना केली, तर कित्येक बाबतींत नवी सरस ठरते. तेथें छापील क्रमिक पुस्तकें होतीं, बाळबोध अक्षर होतें, भूगोल व इतिहास होता. हजेरीपट ठेवला जाई, इयत्ता ठरलेल्या असत, वर्षाकांठीं डेप्युटी येऊन परीक्षा घेई. पुढें व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उतरलेल्या मुलाला तलाठ्याची किंवा मास्तराची जागा मिळण्याची आशा असे. खेड्यांतल्या गरीब मुलाला गांवाबाहेरच्या जगाकडे जाणारी वाट याच शाळेनें प्रथम दाखविली. पंतोजींच्या शाळेनें मुलाला आपल्या गांवच्या व्यवहाराला तयार केलें. सरकारी शाळेनें त्याला गांवापलीकडे पाहावयास शिकविलें.

पण एक गोष्ट हातची गेली. पंतोजी आईबापांना जबाबदार होता. मास्तर जबाबदार होता तो डेप्युटीला. त्याचा पगार तालुक्याहून येई, बदलीचा हुकूमही तेथूनच येई. कापणीच्या दिवसांत मुलें शेतांत गेलीं म्हणजे पट रिकामा दिसे, आणि दोष मुलांच्या माथीं येई. परीक्षेसाठीं पाठ केलेल्या कवितेचा नांगराशीं संबंध नव्हता. गांवानें पैसा द्यावा आणि शाळा कशी चालावी हें दुसऱ्यानें ठरवावें, असा हा व्यवहार होता. म्हणूनच सरकारी शाळा निघाल्यावरही पंतोजींच्या शाळा पुष्कळ वर्षें मोडल्या नाहींत.

या दोन्ही शाळांकडे एकाच वेळीं डोळसपणें पाहणारा पहिला मोठा पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन बसलें. त्याच्यापुढें फुल्यांनीं १९ ऑक्टोबरला पुण्याहून आपलें लेखी निवेदन सादर केलें. गांवठी शाळांविषयीं त्यांनीं खात्याच्या अहवालांतील आंकडे दिले: १,०४९ शाळा आणि सुमारें २७,६९४ विद्यार्थी. या शाळांतील पंतोजी शिकविण्याच्या कलेंत तयार झालेले नसतात, दुसरें कांहीं साधलें नाहीं म्हणजे माणसें या धंद्याकडे वळतात, असा त्यांचा अभिप्राय होता. जुन्या शाळेविषयीं त्यांना हळहळ वाटत नव्हती.

परंतु सरकारी शाळेलाही त्यांनीं मोकळें सोडलें नाहीं. पट्टी भरतो शेतकरी, आणि त्याच्याच गांवांत शाळा नाहीं, हें त्यांचें मुख्य गाऱ्हाणें होतें. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामांतून निघतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, असें त्यांनीं सरकारला स्पष्ट सांगितलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. खेड्यांतील अभ्यासक्रम कसा असावा हेंही त्यांनीं मांडलें: मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल व व्याकरण, शेतीचें प्राथमिक ज्ञान, आणि नीति व आरोग्य यांचे कांहीं पाठ. शिक्षक शेतकरी वर्गांतले, तयार केलेले आणि हातांत नांगर किंवा वाकस धरण्यास न लाजणारे असावेत. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, व मोठ्या गांवीं पंधरा ते वीस रुपये असावा. गांवचे हिशेब तपासणें, दस्तऐवज नोंदणें, टपाल संभाळणें अशीं कामें त्यांना दिलीं तर गांवांत त्यांचें वजन वाढेल, असेंही त्यांनीं सुचविलें. पंतोजी गांवाशीं बांधलेला होता, पण शिकविण्यास तयार नव्हता. सरकारी मास्तर तयार होता, पण गांवाशीं बांधलेला नव्हता. गांवाशीं बांधलेला आणि तयारही असलेला शिक्षक फुल्यांना पाहिजे होता. दोन शाळांच्या तुलनेंतून निघालेला हा निष्कर्ष शंभराहून अधिक वर्षें उलटली तरी जुना झालेला नाहीं.

आतां तिसऱ्या शाळेकडे वळलें पाहिजे. सरकारी शाळा सार्वजनिक पैशानें चालते, तेव्हां ती सर्वांना खुली असली पाहिजे, हें तत्त्व सांगण्यास सोपें होतें. १८५६ सालीं त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला आणि तो त्याला नाकारण्यांत आला. प्रकरण विलायतेपर्यंत गेलें. १८५८ सालीं कंपनीच्या डायरेक्टरांनीं असें ठरविलें कीं, ज्या शाळा केवळ सरकारी खर्चानें चालतात त्या जातिभेद न पाहतां सर्व प्रजेला खुल्या आहेत. कागदावर प्रश्न सुटला. गांवांत मात्र तो चौथऱ्याशींच अडून राहिला. मूल आलेंच तर तें बाहेर, ओसरीवर किंवा दाराशीं बसे. त्याची पाटी मास्तर हातांत घेत नसे. पाणी प्यावयाचें तर कोणीतरी वरून ओतावें लागे. एका छपराखालीं एकच फळा असला, तरी आंत बसलेल्या मुलाची शाळा आणि बाहेर बसलेल्या मुलाची शाळा एक नव्हती.

कांहीं ठिकाणीं या मुलांसाठीं वेगळ्या शाळा निघाल्या. त्या मोठ्या शहरांपुरत्याच आहेत, आणि अस्पृश्यांची वस्ती पांच हजारांहून अधिक असलेल्या पुण्यासारख्या शहरांतही अशी एकच शाळा असून तींत तीसही मुलें येत नाहींत, हें फुल्यांनीं त्याच निवेदनांत नमूद केलें होतें. पुण्याची ही स्थिति, तर खेड्याचें नांवच नको. वेगळी शाळा म्हणजे निदान कांहीं शिक्षण, असा एक पक्ष होता. आणि वेगळी शाळा म्हणजे अस्पृश्यतेवर सरकारी शिक्कामोर्तब, असा दुसरा. फुल्यांनीं १८८२ सालीं वेगळ्या शाळा वाढविण्याची मागणी केली, कारण त्या वेळीं दुसरा मार्ग दिसत नव्हता. सदतीस वर्षांनीं, १९१९ सालीं, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांतल्या अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला. हुकूम परस्परविरुद्ध दिसतात, पण दोघांचा हेतु एकच होता. मुंबईच्या कायदेमंडळांतही १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला, आणि सरकारी पैशानें चालणाऱ्या पाणवठ्यांबरोबर शाळाही अस्पृश्यांना खुल्या असल्याचें त्यांत सांगण्यांत आलें. १८५८ चें तत्त्व पासष्ट वर्षांनीं पुन्हां सांगावें लागलें, यांतच मधल्या काळाची कथा आली.

शाळा खुली ठेवणें वेगळें आणि मूल शाळेंत आणणें वेगळें. हा भेद प्रथम बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीं ओळखला. त्यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ सालीं तो संस्थानभर लागूं करण्याचें ठरविलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं तेंच तत्त्व ब्रिटिश मुलखांत आणण्यासाठीं १९११ सालीं बिल मांडलें. दुसऱ्या वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नापास झालें. त्या वेळीं देशांत लिहितां-वाचतां येणारांचें प्रमाण शेंकडा सहाच्या आसपास होतें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत सक्तीचा कायदा केला, आणि मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेलांचा १९१८ चा कायदा झाला, पण तो म्युनिसिपालिट्यांपुरता होता. खेड्याचा विचार १९२३ च्या कायद्यांत आला.

सक्तीचें महत्त्व एका आंकड्यावरून कळतें. हार्टॉग यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९२९ सालीं दाखवून दिलें कीं, १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर शंभर मुलांपैकीं १९२५-२६ सालीं चौथींत केवळ अठरा उरलीं होतीं. बाकीचीं ब्याऐंशीं मुलें गुरांमागें, शेतांत, चुलीपाशीं किंवा त्याच त्या इयत्तेंत राहिलीं. शाळा किती आहेत आणि पटावर नांवें किती आहेत, एवढेंच मोजणाऱ्याला हीं ब्याऐंशीं मुलें दिसतच नाहींत.

या सर्व शाळांचे गुण एकत्र आणण्याचा एक मोठा प्रयत्न सातारा जिल्ह्यांत झाला. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ सालीं ती साताऱ्यास आली. आणि तेथील वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकाच पंक्तीला जेवूं लागलीं. १९३५ सालीं त्यांनीं शिक्षक तयार करण्याचें कॉलेज काढलें, आणि १९३८ पासून ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तेथें व्हॉलंटरी शाळा उघडण्यास आरंभ केला. गांवानें जागा द्यावी, शिक्षक संस्थेनें तयार करून द्यावा, सरकारनें अनुदान द्यावें, अशी ही व्यवस्था होती. थोड्याच वर्षांत अशा शाळांची संख्या शेंकड्यांवर गेली. येथें पंतोजींच्या शाळेचा गांवाशीं असलेला संबंध होता, सरकारी शाळेची शिस्त व पुस्तकें होतीं, आणि ओसरीवर बसणाऱ्या मुलाला आंत जागा होती. ज्या शिक्षकाची फुल्यांनीं अपेक्षा केली होती, तो या शाळांतून कांहीं अंशीं तरी प्रत्यक्षांत आला.

स्वातंत्र्यानंतर खेड्यांतील शाळेचा कारभार प्रथम जिल्हा स्कूल बोर्डांकडे राहिला, आणि १९६२ पासून महाराष्ट्रांत तो जिल्हा परिषदांकडे आला. २००९ सालीं शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला, व १ एप्रिल २०१० पासून तो अंमलांत आला. पहिली ते पांचवीच्या मुलाला घरापासून एका किलोमीटरच्या आंत शाळा असली पाहिजे, हें त्याच्या नियमांत आहे. फुल्यांनीं सक्ती मागितली होती ती पालकांवर. या कायद्यानें मुख्य बंधन सरकारवर घातलें. मुलगी, दलित मूल, पारधी-कातकऱ्यांचें मूल, या सर्वांचा हक्क आतां एकाच कलमांत बसतो.

तरीही तुलनेचा प्रश्न संपलेला नाहीं. त्याचें रूप मात्र बदललें आहे. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्यासाठीं प्रस्ताव मागविले. लहान शाळेंत एक-दोन शिक्षकांना सर्व इयत्ता संभाळाव्या लागतात, मुलांना सोबती थोडे, खेळ थोडे, दर मुलामागें खर्च अधिक. मोठ्या शाळेंत ग्रंथालय, मैदान, निरनिराळे शिक्षक मिळतील, असा त्यामागचा युक्तिवाद आहे, आणि तो पोकळ नाहीं. उलट बाजूनें असें विचारलें जातें कीं, ओढा भरला, गाडी आली नाहीं, रस्त्यावर सोबत नाहीं, अशा दिवशीं वाडीवरची आठ वर्षांची मुलगी त्या मोठ्या शाळेंत पोंचेल काय? १८२९ च्या मोजणींत शाळेची सरासरी वीस-एकवीस मुलांची होती; बरोबर तोच आंकडा आज शाळा ठेवावी कीं मिटवावी याची सीमारेषा होऊन बसला आहे. त्या काळीं वीस मुलांसाठीं गांव आपल्या धान्यांतून पंतोजी पोशीत असे. आज त्याच मुलांसाठीं राज्यानें किती खर्च करावा याचा हिशेब चालला आहे.

या हिशेबांत इतिहासाची साक्ष काढावयाची, तर ती कोणत्याही एका शाळेच्या बाजूची निघत नाहीं. पंतोजींची शाळा गांवाला जवळची होती, पण तिनें निम्म्याहून अधिक गांव बाहेर ठेवलें. लोकल फंडाची शाळा कायद्यानें सर्वांची होती, पण तिनें कांहींना ओसरीवर बसविलें आणि पुष्कळांना चौथीपूर्वींच गमावलें. इमारत, पुस्तकें, परीक्षेचे निकाल, दर मुलामागें खर्च, हीं सर्व मापें उपयोगाचीं आहेत. परंतु तीं सर्व आंत आलेल्या मुलांचीं मापें आहेत. प्रत्येक काळांत जी सुधारणा झाली, ती कोणीतरी बाहेर राहिलेल्या मुलांची मोजणी केली म्हणून झाली. फुल्यांनीं पट्टी भरणाऱ्या कुणब्याचीं मुलें मोजलीं, शाहूंनीं ओसरीवरचीं, हार्टॉगच्या समितीनें चौथीपर्यंत न पोंचलेलीं, भाऊरावांनीं शाळाच नसलेल्या गांवांतलीं. लहान गांवांतील दोन शाळांपैकीं कोणती चांगली, कोणती ठेवावी आणि कोणती मोडावी, हें ठरविण्यापूर्वीं गांवच्या प्रत्येक घराच्या उंबऱ्याशीं जाऊन एकच प्रश्न विचारावा लागेल: या घरांतील मूल उद्यां सकाळीं शाळेंत पोंचेल काय? त्याचें उत्तर हातीं येण्याआधीं कोणत्याही शाळेच्या दाराला कुलूप लागूं नये.